दुबईची पंधरा जणांची मजलिस

सुट्टीत गावी गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडे निवडणुका असतात का हो?" पगार, उकाडा आणि सोन्याचा भाव हे तीन विषय संपले की चौथा हा. मी आपला "तशा नसतात" असं म्हणून मोकळा होतो, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते संपेपर्यंत चहा निवून जातो. आज ते लांबलचक उत्तर लिहायचं ठरवलं आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी "तशा नसतात" एवढंच धरून चालावं.

आधी आजचं सांगतो. दुबईत भाड्याच्या घरात राहणाऱ्या माझ्यासारख्या परदेशी माणसाच्या वीज-पाण्याच्या बिलात दर महिन्याला 'हाउसिंग फी' नावाची एक ओळ येते. वर्षाच्या भाड्याचे पाच टक्के, बारा महिन्यांत वाटून घेतलेले. हे पैसे नगरपालिकेचे. म्हणजे आपली घरपट्टीच, फक्त मालकाऐवजी भाडेकरू भरतो. बदल्यात रस्ते झाडले जातात, कचरा उचलला जातो, बागेतल्या गवताला रोज पाणी मिळतं, हॉटेलांची तपासणी होते. नगरसेवक मात्र नाही. वॉर्डही नाही, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलकही नाहीत. हे शेवटचं सुख आहे हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

नगरपालिकेला इथे 'बलदिया' म्हणतात. हैदराबादेत आजही महापालिकेला बलदियाच म्हणतात, त्यामुळे निजामाच्या राज्यात वाढलेल्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हा शब्द नवा वाटायचा नाही. आपल्या कारभाराची अर्धी भाषा तिकडून अरबी-फारसीतून आली आहे. जिल्हा, तालुका, तहसील, हिशेब, खर्च, वसूल. फक्त 'जकात' ह्या शब्दाशी जपून. आपल्याकडे जकात म्हणजे नाक्यावर मालावर घेतलेला कर, आणि इथे मुसलमानाने दरवर्षी करायचं धर्मदान. मालावरच्या कराला इथे वेगळा शब्द आहे. पण मी पुढे मराठी अर्थानेच जकात म्हणणार आहे, कारण सगळी गोष्ट त्या जकातीभोवतीच फिरते.

गोष्ट अशी, की ह्याच दुबईत एकदा पंधरा जणांचं एक मंडळ होऊन गेलं. त्याने शेखसाहेबांच्या तिजोरीला हात घातला. २० ऑक्टोबर १९३८ ला ते स्थापन झालं आणि २९ मार्च १९३९ ला बंदुकीने मोडलं. पाच महिने नऊ दिवस. इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला नुसतं 'मजलिस' किंवा 'सुधारणा चळवळ' म्हणतात. आजच्या उंच इमारतींची दुबई पाहून परत गेलेल्या आपल्या पर्यटकांपैकी फार थोड्यांनी त्याचं नाव ऐकलं असेल.

त्या वेळची दुबई डोळ्यांसमोर आणायची तर इमारती विसरा. एक वळणदार खाडी, तिच्या एका अंगाला देरा, दुसऱ्या अंगाला बर दुबई, आणि खाडीच्या तोंडाशी शिंदगा, जिथे शेखांचं घर. सगळी वस्ती मिळून सुमारे वीस हजार. प्रवाळी दगड, चुना आणि खजुराच्या झावळ्यांची घरं. वीज नाही, नळ नाहीत. चलन म्हणजे आपला रुपया. मुंबईहून कराचीमार्गे ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट यायची आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचलेला असल्यामुळे बाहेर समुद्रातच नांगर टाकायची. माल पडावातून आत आणायचा. पत्रांवर हिंदुस्थान सरकारचं तिकीट. इंग्रजांचा ह्या आखातावरचा मोठा अधिकारी इराणच्या किनाऱ्यावर बुशायरला बसायचा आणि तो हिंदुस्थान सरकारच्या राजकीय खात्याचा माणूस असायचा. थोडक्यात, आपल्याकडच्या एखाद्या संस्थानाचा जसा रेसिडेंट, तसाच हा. दुबई हे कागदोपत्री हिंदुस्थानातलं संस्थान नव्हतं, पण दरबारी भाषा, पगाराचा रुपया आणि अधिकाऱ्याचा रुबाब सगळं त्याच मुशीतलं.

गावाचा जीव होता मोत्यात. उन्हाळ्यात शेकडो गलबतं मोती काढायला जायची. गलबताच्या मुख्याला नाखुदा म्हणत. आपल्या कोकणातला नाखवा तो हाच. नाखुदा व्यापाऱ्याचा कर्जदार, पाणबुड्या नाखुद्याचा कर्जदार, आणि मोती शेवटी विकायला मुंबईच्या बाजारात. १९२९ ला जगभर मंदी आली, त्याच सुमाराला जपानच्या मिकिमोतोने शिंपल्यात वाढवलेले मोती बाजारात ओतले, आणि काही वर्षांत ही सगळी साखळी तुटली. मुंबईचा व्यापारी मोती घेईना, म्हणून दुबईचा व्यापारी नाखुद्याला उचल देईना. घरात खायला नाही अशी वेळ भल्याभल्यांवर आली.

आता अशा वेळी गावात पैसा येणारे दोनच रस्ते उरले. एक जकात. शतकाच्या सुरुवातीला इराण सरकारने आपल्या किनाऱ्यावर जाचक जकात लावली तेव्हा लिंगा बंदरातले पुष्कळ व्यापारी उठून दुबईत आले होते, कारण दुबईच्या शेखांनी त्यांना सवलती दिल्या. तेव्हापासून दुबई ही माल उतरवून पुढे पाठवायची पेठ. दुसरा रस्ता अगदी नवा: १९३७ मध्ये इंग्रजांच्या तेल कंपनीने तेल शोधायचा हक्क घेतला आणि इम्पीरियल एअरवेजच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना खाडीत उतरायची परवानगी मिळाली. तेल निघालं नव्हतं, ते निघायला १९६६ उजाडलं. पण करारापोटी पैसे लगेच सुरू झाले, आणि ते कोणाला? करार ज्यांच्या नावावर, त्या शेख सईद बिन मक्तूम ह्यांना, जातीने.

इथे ठिणगी पडली. शेख सईद १९१२ पासून गादीवर होते. माणूस सौम्य म्हणून प्रसिद्ध. पण राज्याचा खजिना आणि शेखांचा खिसा ह्यांत फरक असा नव्हताच. त्या काळी ह्या किनाऱ्यावर कुठेच नव्हता, आणि आपल्या संस्थानांत तरी कितीसा होता? मोती चालत होते तेव्हा व्यापारी आणि भाऊबंद आपापल्या मिळकतीवर स्वतंत्र होते. उलट शेखच त्यांच्याकडे उसनवारी करायचे. मोती गेले आणि पारडं फिरलं. शेखांकडे परकीयांचा बांधलेला पैसा, आणि बाकीच्यांचे हात रिकामे. त्यात खाडी ओलांडायच्या होड्या, आगबोटीचा माल उतरवणं, मोटारींची वाहतूक असले किफायतीचे धंदे शेखांच्या घराकडे मक्त्याने. त्यांच्या पत्नी शेखा हस्सा ह्या स्वतः व्यापार करणाऱ्या, मोठ्या हिमतीच्या बाई होत्या. मजलिसवाल्यांचा त्यांच्यावर आणि थोरले चिरंजीव राशिद ह्यांच्यावर विशेष राग होता.

विरोधकांचे पुढारी कोणी परके नव्हते. शेख हशर बिन राशिद आणि शेख मानी बिन राशिद हे शेखांच्याच अल बू फलासा कुळातले. भाऊबंदकी हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो त्या अर्थाने ही भाऊबंदकीच होती. १९२९ मध्येही मानींनी गादीला हात घालून पाहिला होता. म्हणून काही लेखक ह्या सगळ्या प्रकरणाला नुसतं घरातलं भांडण म्हणून निकालात काढतात. मला ते पटत नाही. भांडण घरातलं होतं, पण मागण्या वाचल्या तर त्या घरातल्या वाटत नाहीत. राज्याचं अंदाजपत्रक असावं, शेखांच्या कुटुंबाला नेमणूक बांधून द्यावी, जकातीचा कारभार नीट बसवावा, आरोग्याची सोय करावी, मक्ते बंद करावेत. गादीवर बसू पाहणारा भाऊबंद अंदाजपत्रक कशाला मागेल?

वारा आजूबाजूलाही होता. कुवेतमध्ये त्याच वर्षी उन्हाळ्यात प्रतिष्ठित घराण्यांनी निवडलेली चौदा जणांची मजलिस बसली होती, बहरीनमध्येही चळवळ सुरू होती. बसरा आणि कैरोची वर्तमानपत्रं इकडे पोचत होती. दुबईत १९३८ च्या हिवाळ्याआधी गाव सरळ दोन तुकड्यांत फुटलं. देरा विरोधकांकडे, बर दुबई आणि शिंदगा शेखांकडे, आणि मधे खाडी. दोन्हीकडे बुरुजांवर बंदुका. बर दुबईत आपले हिंदू व्यापारी, बहुतेक सिंधकडचे भाटिये, ते इंग्रजांचे प्रजाजन. त्यांच्या दुकानांना धक्का लागला तर इंग्रजांना उत्तर द्यावं लागणार. म्हणून बहरीनचा पोलिटिकल एजंट ह्यू वेटमन आणि बुशायरचा रेसिडेंट ट्रेंचर्ड फाउल ह्यांना ह्यात लक्ष घालावं लागलं. त्यातून २० ऑक्टोबरचा करार झाला.

त्या करारात होतं काय? मला ह्या प्रकरणात सर्वात जास्त रस ह्याच कागदात आहे, कारण तो लहानसा आहे आणि त्यात शोभेचं वाक्य एकही नाही. पंधरा सभासदांची मजलिस. सभासद गावातल्या प्रमुख लोकांनी ठरवलेले. राज्याचं उत्पन्न आणि खर्च राज्याच्या नावाने व्हावा, आणि मजलिसच्या मंजुरीशिवाय पैसा खर्च होऊ नये. शेखांना उत्पन्नाचा आठवा हिस्सा. मजलिसच्या बहुमताशिवाय शेखांनी काही करू नये. बस्स. आपल्या स्थायी समितीला जे अधिकार असतात, तेच मुळात इथे मागितलेले आहेत: हिशेबाची वही आमच्यासमोर उघडा, आणि आम्ही हो म्हटल्याशिवाय तिजोरी उघडू नका.

घडण कशी होती तेही सांगायला हवं, नाहीतर मी उगाच गोडवे गातो आहे असं वाटेल. पंधराच्या पंधरा पुरुष, सगळे कुळातले किंवा बडे व्यापारी. मतदान वगैरे काही नाही. ज्यांच्या जिवावर मोत्यांचा धंदा उभा होता त्या पाणबुड्यांपैकी कोणी नाही, बलुची नाही, हिंदी तर नाहीच. वाळवंटातले बदू, जे शेखांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, तेही नाहीत. ही शेवटची उणीव पुढे महागात पडली.

पण मंडळ बसलं आणि त्यांनी काम केलं, अगदी झपाट्याने. पहिला हात जकातीला. ठाण्यावर आपली माणसं नेमली, त्यांचे पगार ठरवले. मला वाटतं हे वाचताना आपण पटकन पुढे जातो, पण थांबून पाहण्यासारखं आहे. ज्या गावात कारकून हा शेखांच्या घरचा माणूस असायचा आणि त्याला मिळेल ते मिळायचं, तिथे 'अमक्या कामाला अमका पगार' हे कागदावर येणं म्हणजे सरकार नावाची वस्तू जन्माला येणं. व्यापाराच्या आणि गावाच्या कामांवर देखरेख करायला व्यापाऱ्यांचं एक मंडळ नेमलं. म्हातारे आणि अपंग ह्यांना मदत बांधून दिली. देऱ्यातले रस्ते रुंद करायचं आणि देऱ्याला किनाऱ्यावरचं पहिलं बंदर करायचं ठरवलं. शाळा चालू केल्या आणि शेख मानी शिक्षणाचे प्रमुख झाले. देऱ्यात अल अहमदिया नावाची शाळा १९१२ मध्ये मोत्यांच्या एका व्यापाऱ्याने काढली होती. मोती बुडाले तशा असल्या शाळाही बुडायला आल्या, कारण त्या व्यापाऱ्यांच्या पैशावर चालत. शाळा व्यापाऱ्याच्या दानावर चालण्याऐवजी जकातीच्या उत्पन्नावर चालावी, ही कल्पना दुबईत ह्या पंधरा जणांची.

आता जरा महाराष्ट्रात येऊ. ही तारीख वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते औंध. दुबईचा करार ऑक्टोबर १९३८ चा, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात, २३ नोव्हेंबर १९३८ ला, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी आपले अधिकार प्रजेकडे सोपवत असल्याचं जाहीर केलं. सूर्यनमस्कारांमुळे घरोघरी माहीत असलेले हेच ते. बहात्तर गावांचं, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं छोटंसं संस्थान, किर्लोस्करवाडी त्यातलीच. मागे होते त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर, जो इकडे येऊन भारतानंद झाला. गांधीजींचा सल्ला घेऊन घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये लागू झाली. तिचा पाया गावच्या पंचायतीत. गावाने पंच निवडायचे, पंचायतींवर तालुक्याची सभा, आणि तिच्यावर संस्थानचं विधिमंडळ. ह्या कामातही एक इंजिनियर होता ह्याचा मला उगाच अभिमान वाटतो.

दोन्हीकडे एकच हिंदुस्थान सरकार वरून बघत होतं, दोन्हीकडे प्रश्न एकच होता की राजाचा खर्च कोणी ठरवायचा. औंधात राजाने स्वतः होऊन सोडलं, आणि ते खालून, गावापासून उभं केलं. दुबईत वरच्या पंधरांनी बंदुकीच्या धाकाने लिहून घेतलं. औंधचा प्रयोग ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत चालला. दुबईचा एक उन्हाळाही पाहू शकला नाही.

कारण शेखांनी सही केली होती, मन घातलं नव्हतं. जकात मजलिसच्या हाती गेली, पण तेल कंपनी आणि विमान कंपनीचे पैसे शेखांच्या नावे येत राहिले. ते करार शेखांशी झालेले, आणि इंग्रजांना त्यात गोंधळ नको होता. मजलिसला ही फट बुजवायची होती. मार्च १९३९ च्या सुरुवातीला तिने ठराव केला की शेखांना वर्षाला १०,००० रुपये मिळतील, बाकी सगळं उत्पन्न राज्याच्या खजिन्यात. आठव्या हिश्श्यावरून ठरीव नेमणुकीवर. तत्त्वाने पाहिलं तर बरोबरच. आपल्याकडे पुढे संस्थानिकांचे तनखे असेच बांधले गेले. पण तनखे बांधताना सरदार पटेलांच्या मागे सैन्य होतं. मजलिसच्या मागे देऱ्यातले काही बुरूज होते.

२९ मार्चला शेख राशिद ह्यांचं लग्न होतं. वधू शेखा लतीफा, अबू धाबीच्या एका पूर्वीच्या शासकांची कन्या. लग्न देऱ्यात. विरोधकांच्या गोटात. लग्न म्हटल्यावर वऱ्हाड आलंच, आणि वऱ्हाडात शेखांशी इमान राखणारे बदू आले, हत्यारांसह, कारण त्या काळी लग्नात बंदुका झाडायची रीतच होती. त्यांनी देऱ्यातल्या मोक्याच्या जागा धरल्या. गोळीबारात शेख हशर आणि त्यांचा मुलगा मारले गेले. मानी आणि इतर काही जण शेजारच्या शारजाला निसटले. मजलिस संपली. इंग्रजांनी ती परत उभी करण्यासाठी काही केलं नाही. विमानं उतरत होती आणि महायुद्ध पाच महिन्यांवर आलं होतं. कुवेतची मजलिसही ह्याच मार्चमध्ये कायमची बंद झाली.

इथे गोष्ट संपली असती तर ती एक फसलेली चळवळ म्हणून सोडून देता आली असती. पण मौज पुढे आहे. त्या लग्नातला नवरदेव, शेख राशिद, लवकरच वडिलांच्या वतीने कारभार पाहू लागला, १९५८ मध्ये गादीवर आला आणि १९९० मध्ये निधन होईपर्यंत राज्य केलं. आणि त्याने काय काय केलं? जकातीचा कारभार नीट बसवला. शाळा काढल्या. दुबई नगरपालिका १९५४ मध्ये सुरू झाली आणि १९६१ मध्ये तिला रीतसर कायदा मिळाला. त्याच सुमारास तिचा कारभार पाहायला सुदानहून कमाल हमझा नावाचे अधिकारी आले आणि वीसेक वर्षं राहिले. १९६० मध्ये जॉन हॅरिस ह्या इंग्रज वास्तुविशारदाने शहराचा पहिला आराखडा केला, रुंद रस्त्यांसकट. आणि खाडी! आमच्या धंद्यातल्या माणसाने ह्या खाडीवर वेगळा लेख लिहायला हवा. तोंडाशी साचलेली वाळू काढून, काठ लोखंडी पत्र्यांनी बांधून, मोठ्या गलबतांना आत आणायचं काम हॅलक्रो कंपनीच्या सल्ल्याने १९५९ च्या सुमारास हाती घेतलं. पैसा नव्हता, तेल अजून लागायचं होतं. व्यापाऱ्यांकडून रोखे घेऊन, कुवेतकडून कर्ज काढून ते केलं. काढलेल्या गाळाने भर घालून जी नवी जमीन तयार झाली, तीही कामाला आली. देरा किनाऱ्यावरचं पहिलं बंदर झालं.

मानींच्या यादीशी ही यादी ताडून पाहा. जवळपास एकेक कलम सापडतं. हशरना ज्याच्या लग्नात गोळी लागली, त्यानेच हशरच्या मंडळाचा कार्यक्रम तीस वर्षांत पुरा केला. फक्त एक कलम गाळून, ते पहिलं: मंजुरीशिवाय पैसा खर्च होऊ नये.

म्हणून नगरपालिका झाली, पण तिचं मंडळ १९३८ च्या मंडळासारखं नव्हतं. सभासद होते तेच, म्हणजे त्याच प्रकारचे: देरा आणि बर दुबईतले मान्यवर व्यापारी. पण त्यांना शेखांनी नेमायचं. रस्ते, बाजार, बांधकामाचे परवाने, सफाई, खाटीकखाने ह्यांवर त्यांनी बोलायचं, आणि शेवटचा शब्द शेखांचा. ह्या नेमलेल्या मंडळींना किंमत नव्हती असं नाही. शेख राशिद रोज सकाळी त्यांच्यात बसत, ऐकत, आणि व्यापाऱ्यांना जे हवं ते बहुतेक करत. त्यांना तेच परवडणारं होतं, कारण जकात व्यापाऱ्यांच्या मालावरच यायची. ऐकून घेणं आणि मंजुरी लागणं ह्यांत काय फरक आहे, हे व्यापाऱ्याला धंदा बरा चालतो तोवर फारसं जाणवत नाही.

तोच साचा पुढे देशभर दिसतो. १९७१ मध्ये संघराज्य झालं, त्यानंतर चाळीस जणांची संघीय राष्ट्रीय परिषद आली: अबू धाबी आणि दुबईचे आठ-आठ, शारजा आणि रास अल खैमाचे सहा-सहा, उरलेल्या तिघांचे चार-चार. सुरुवातीला सगळे नेमलेले. २००६ पासून निम्मे निवडून येतात, पण मत देणारी यादी सरकार ठरवतं. पहिल्या वेळी त्या यादीत साडेसहा हजारांच्या आसपास नावं होती, २०२३ च्या वेळी जवळजवळ चार लाख. २००६ मध्ये निवडून आलेल्या एकमेव बाई अमल अल कुबैसी २०१५ मध्ये ह्या परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. परिषद कायद्यांवर चर्चा करते, मंत्र्यांना प्रश्न विचारते, शिफारस करते. नाकारू शकत नाही.

स्थानिक पातळीवर सगळ्यात जास्त हालचाल आमच्या शेजारच्या शारजाला आहे. तिथली नगरपालिका १९२७ ची, म्हणजे दुबईपेक्षा जुनी. शारजा अमिरातीचे तुकडे दूरवर पसरले आहेत, अगदी पूर्वेच्या समुद्रावर खोर फक्कान आणि कलबापर्यंत, औंधासारखंच. त्यामुळे गावोगावी वेगळं नगरमंडळ असतं, आणि शहराच्या भागाभागांसाठी 'दाहिया' म्हणजे उपनगर मंडळं आहेत. सभासद शासकांच्या फर्मानाने नेमले जातात. काम म्हणजे भागातल्या कुटुंबांच्या अडचणी वर पोचवणं. ह्यांच्या वर १९९९ पासून एक सल्लागार परिषद आहे, आणि तिच्या बेचाळीसपैकी एकवीस जागांसाठी २०१६ च्या जानेवारीत अमिरातीतल्या नागरिकांनी मतदान केलं.

नागरिकांनी, हं. देशात राहणाऱ्या दहांपैकी साधारण नऊ जण आमच्यासारखे परदेशी, त्यांचा ह्यात कुठेच संबंध नाही, आणि बहुतेकांना तो नकोही आहे. आम्ही पैसे कमवायला आलो आहोत, इथे राज्य करायला नाही, असं आमचं ठरलेलं उत्तर. मलाही ते बऱ्याच वेळा पुरतं. हाउसिंग फी पाच टक्क्यांवरून सहा झाली तर कोणाला विचारायचं, असा प्रश्न मात्र अधूनमधून पडतो.

गावाकडचे मित्र ह्यावर म्हणतात, "आमच्याकडे तरी काय मोठं?" वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, सभापती, स्थायी समिती, विषय समित्या, सगळं रीतसर. तरीही मार्च २०२२ नंतर मुंबई महापालिका तीन वर्षांहून जास्त काळ निवडून आलेल्या सभागृहाशिवाय, प्रशासकाच्या हाती होती, आणि कित्येक जिल्हा परिषदाही तशाच. रस्ते तेव्हाही झाडले जात होते. फरक एवढाच की तिथे कोर्टात जाऊन "निवडणूक कधी?" असं विचारणारे लोक होते, आणि तो प्रश्न विचारायला कायद्यात जागा होती. हशर आणि मानींच्या करारात अशी जागा नव्हती. सही मोडली तर दाद कोणाकडे मागायची, हे त्या कागदात कुठेच लिहिलेलं नाही. बुशायरचा साहेब सोडून.

कधी दुबईला आलात तर बुर्ज खलिफा बघून झाल्यावर एक संध्याकाळ खाडीवर काढा. शिंदग्याला शेख सईद ह्यांचं १८९६ चं घर नीट राखलेलं आहे, वरून थंड हवा आत घेणाऱ्या मनोऱ्यांसकट. तिथून चालत येऊन एक दिरहॅममध्ये लाकडी होडीने पलीकडे देऱ्यात जाता येतं. आत गल्लीत अहमदिया शाळेची इमारत आहे. अंतर पाच मिनिटांचं. होडी मधोमध आली की दोन्ही काठ सारख्याच अंतरावर दिसतात, आणि एका काठावरून सुटलेली गोळी दुसऱ्या काठावर सहज पोचली असती हे लक्षात येतं.